झेडपीच्या शाळेत पोरगी घालताय? आधी स्पेलिंग बघा

गेल्या महिन्यात माझे तीन खाडे झाले. तिन्ही एका इंग्रजी अक्षरापायी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत खाडा म्हणजे काय, हे महिन्याअखेरीला पगार मोजणाऱ्या बायकोला विचारा. पण त्या तीन दिवसांत जे ज्ञान पदरात पडलं ते एकट्यानं पचण्यासारखं नाही, म्हणून वाटतोय. ज्यांची पोरं झेडपीच्या शाळेत आहेत किंवा ज्यांना अजून घालायची हौस आहे त्यांनी नीट वाचा. ज्यांची पोरं पिवळ्या बसनं जातात त्यांनी नाही वाचलं तरी चालेल. तुमचं बरं चाललंय.

तर पहिली सूचना. बारशाला बायका बोलावण्याआधी संगणकावर बसणारा पोरगा बोलावा. आत्यानं कानात 'कुर्रर्र' करायच्या आत त्यानं ते नाव इंग्रजीत चार प्रकारे टाइप करून बघावं, आणि ज्याचं स्पेलिंग एकाच पद्धतीनं होतं तेच नाव ठेवावं. जोडाक्षर नको, काना शक्यतो नकोच. देवाचं नाव ठेवायची हौस असेल तर देवाचंही स्पेलिंग तपासा.

आम्ही तपासलं नाही. आमच्या पोरीच्या नावात आधार कार्डावर एके ठिकाणी 'ए' दोनदा पडलाय, शाळेत एकदाच. मराठीत नाव तेच, पोरगी तीच, बाप तोच. पण अपार आयडी, म्हणजे सरकारचा विद्यार्थी ओळख क्रमांक, काढायला गेलं की संगणक म्हणतो, जुळत नाही. अपार म्हणजे ज्याला पार नाही. नाव ठेवणारा माणूस प्रामाणिक असावा.

पहिल्या खाड्याला शाळेत गेलो. मुख्याध्यापक भले माणूस. म्हणाले, "दादा, जनरल रजिस्टरला, म्हणजे पोरांच्या नावांच्या नोंदवहीला, मला हात लावता येत नाही. वरून मंजुरी लागते. त्यापेक्षा तुम्ही आधारच दुरुस्त करून आणा." आधार केंद्रावर गेलो. सकाळी टोकन, दुपारी नंबर. तिथला पोरगा म्हणाला, "काका, पुरावा काय? शाळेचा फोटोवाला दाखला आणा, आमच्या नमुन्यात, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं. आणि विचार करून करा, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतंय." म्हटलं, बाबा, मला नाव बदलायचं नाही, आहे तेच पाहिजे. तो म्हणाला, "तेच बदल म्हणत्यात."

दुसऱ्या खाड्याला दाखल्यासाठी शाळेत. मुख्याध्यापक नाहीत. बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेलेत. दुसऱ्या बाई होत्या, तिसरी आणि चौथी एकत्र घेऊन बसलेल्या, एक हात फळ्यावर आणि एक मोबाइलवर. म्हणाल्या, "माझी सही चालत नाही हो, आणि शिक्का कपाटात आहे." कपाटाची किल्ली? ती बीएलओबरोबर गावात फिरत होती. तासभर व्हरांड्यात बसलो. तेवढ्यात बाईंना कुठल्या तरी ग्रुपवर माहिती पाठवायचा निरोप आला, 'आजच, तात्काळ, प्रथम प्राधान्य'. तिसरीतली दोन पोरं तेवढ्यात बाकाखाली गेली ती मी निघेपर्यंत वर आली नाहीत.

तिसऱ्या खाड्याला दाखला मिळाला. केंद्रावर गेलो तर सर्व्हर बंद. चालू झाला तेव्हा कळलं, दाखल्याचा नमुना जुना आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका 'ए'साठी एवढं कशाला? चालतंय की. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून ही दुसरी सूचना, आणि ही कागदावर लिहून देवघरात लावा: पोरं जन्माला घालताना भावकीशी बोलून घ्या. आकडा विसाच्या खाली जाता कामा नये.

कारण असं आहे. आमच्या शाळेत सहावी आणि सातवी मिळून पट वीस. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्याचे, निकष बदलले, आणि सहावीपासून पुढच्या वर्गांना वीसपेक्षा कमी पोरं असली तर मंजूर शिक्षक शून्य, असं ठरलं. एक नाही, अर्धा नाही. शून्य. आणि पट मोजायचा कसा? वर्गात येऊन डोकी मोजून नाही. ज्याचं आधार जुळतं तेवढंच पोर मोजायचं. म्हणजे माझी पोरगी रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाते, हजेरीला 'यस बाई' म्हणते, दुपारी तिथंच जेवते, पण सरकारच्या हिशेबात ती शाळेत नाही. ती नाही म्हणजे पट एकोणीस. एकोणीस म्हणजे शिक्षक शून्य. माझ्या घरातल्या एका जादा 'ए'नं आख्ख्या गावाचा मास्तर खाल्ला.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय की सहावी ते आठवीला दर वर्गामागं किमान एक शिक्षक पाहिजे, आणि त्यात गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्राला एक, भाषेला एक असला पाहिजे. हे मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

मग उरलेल्या एकोणीस पोरांनी काय करायचं? सरकारनं याचाही विचार केलाय. पोरं शेजारच्या गावात पाठवा, मास्तर अतिरिक्त ठरवून दुसऱ्या शाळेत समायोजन करा. सहावी-सातवीला तीन किलोमीटरपर्यंत शाळा असली म्हणजे नियमात बसतं. नियम लिहिणाऱ्यानं ते अंतर बहुधा उन्हाळ्यात गाडीतून मोजलं असावं. मधे आमचा ओढा आहे. पंचगंगेचं बरं आहे, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका, टीव्हीवर आकडे येतात, प्रशासन जागं होतं. ओढ्याला इशारा पातळी नसते. तो एका रात्रीत येतो आणि फरशीवरनं वाहायला लागतो. २०१९ ला बघितलं, २०२१ ला बघितलं. तरी पोरीला पोहायला शिकवा. ही तिसरी सूचना समजा.

साखर घरनं आणा. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानं पोषण आहारातला अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक केलं. पाहिजे तर करा, जादा पैसे मिळणार नाहीत, साखर लोकसहभागातून गोळा करा. कुठं? ज्या जिल्ह्यात नोव्हेंबर लागला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमुळं एसटी निघत नाही, जिथला दर दुसरा पुढारी कुठल्या तरी कारखान्याचा संचालक आहे, तिथं शाळेतल्या खिरीसाठी आम्ही वाटी घेऊन दारोदार फिरायचं. मी फिरलोय. लोकांनी दिली, लोक चांगलेच आहेत. एका घरी मात्र म्हातारी म्हणाली, "सरकारला साखर कमी पडली व्हय रं?" काय सांगणार.

गणवेश दिवाळीनंतर आला तर दिवाळीनंतरच्या मापाचा शिवला असेल असं समजून घ्या; २०२४ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' होतं, त्याच वर्षाअखेर ते पुन्हा शाळा समितीकडं आलं.

पाठ्यपुस्तकातच लिहायला कोरी पानं आली तर वही घेऊ नका. कोरी पानं गेली तर वही घ्या.

पहिलीच्या पोराला तिसरी भाषा शिकवायची की नाही हे सकाळी उठून पेपर बघून ठरवा. १६ एप्रिल २०२५ ला हिंदी सक्तीची, १७ जूनला 'सर्वसाधारणपणे', २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. अडीच महिन्यांत पोर एक अक्षर शिकलं नाही, पण पालकांना मराठीतला 'सर्वसाधारणपणे' हा शब्द नव्यानं कळला.

आता मास्तर कसा शोधायचा ते सांगतो, कारण हे सगळ्यात अवघड. वर्गात बघू नका, वेळ जाईल. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणं शिक्षकाला शिकवण्याव्यतिरिक्त दुसरं काम देता येत नाही. फक्त दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. वाचायला किती छान आहे. पण आपल्याकडं निवडणूक कधी नसते ते सांगा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत, आणि कुठलीच नसेल तेव्हा मतदार यादी. म्हणजे कायदा कुणी मोडलेला नाही बरं का. कायद्यात बसवूनच मास्तर वर्गातनं उठवलाय. सरकारनं मध्यंतरी शैक्षणिक काम कुठलं आणि अशैक्षणिक कुठलं याची यादीसुद्धा करून दिली. ती यादी बहुतेक मास्तरांनीच टाइप केली असणार, शाळेच्या वेळेत.

आणि बाकीचं? सरकारच्या ऑनलाइन नोंदी. यू-डायस भरा, शालार्थ भरा, सरल भरा, अपार काढा. 'सरल' हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायची इच्छा आहे. झाड लावलं, फोटो पाठवा. हात धुतले, फोटो पाठवा. पुस्तक वाचलं, वाचतानाचा फोटो पाठवा. शाळेतल्या पोरांचे एवढे फोटो निघालेत की लग्नात अल्बम वेगळा करायला नको. फक्त शिकवतानाचा फोटो कुणी मागत नाही. मागायचा झाला तर आधी शिकवावं लागेल, आणि त्याला मोबाइल खाली ठेवावा लागतो.

मास्तर दिसलाच, तर हातातलं पुस्तक पोरांचं आहे की त्याचं ते बघा. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सांगितलंय. मास्तरची परीक्षा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. काही मास्तर असे आहेत की त्यांची दर आठवड्याला घ्यावी. पण पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला नोकरी वाचवायला रात्री गाईड घेऊन बसायला लागतंय, आणि तिकडं त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या टीईटीच्या तोंडावर पेपर विकणारी टोळी आपल्याच कागल तालुक्यात सापडते. जगात भारी कोल्हापूर.

आता उपरोध पुरे. मला तो जमत नाही जास्त वेळ.

अरे, पोरं मोजायला संगणक कशाला लागतो तुम्हाला? वर्गाच्या दारात उभं राहा आणि मोजा. वीस आहेत. मी मोजलीत. त्यातली एक माझी आहे. तिचं नाव चुकलंय म्हणून ती खोटी होत नाही. ज्यानं आधार नोंदवताना दोनदा कळ दाबली त्याला कुणी विचारलं का? त्याचा खाडा झाला का? चूक यंत्राची, दंड आम्हाला, आणि शिक्षा शेजारच्या एकोणीस पोरांना, ज्यांचं स्पेलिंग बरोबर आहे त्यांना.

शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जो बाप पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया. राजा पोरं शोधत गावोगाव जात होता आणि बापाला दरडावत होता, पाठव म्हणून. आता बाप पोरीला हाताला धरून दारात उभा आहे आणि सरकार म्हणतंय, हिचं जुळत नाही. दरवर्षी २६ जूनला दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला रांग लागते. सगळ्या पक्षांची. त्या रांगेतल्या किती जणांची नातवंडं झेडपीच्या शाळेत आहेत, एवढंच हात वर करून सांगा. भाषण नको.

आणि आपणही काही कमी नाही. मी समितीवर आहे, म्हणजे महिन्यातनं एकदा सही करतो. १५ मार्चच्या निर्णयावर मास्तर लोक मोर्चा घेऊन गेले तेव्हा मी कट्ट्यावर बसून म्हणालो होतो, "ह्यांना पगार कमी पडतोय व्हय." तो मोर्चा माझ्या पोरीच्या वर्गासाठी होता, हे मला कळायला माझ्या घरात एक 'ए' जास्त व्हायला लागला. बैठकीला पंधरा पालकांना निरोप जातो, येतात चार. त्यातले दोन आपल्या पोराला पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेत घालणार असतात. मग पट कमी होतो. मग सरकार म्हणतं, बघा, पट कमी झाला.

काल पोरीच्या वहीचं कव्हर बघितलं. तिनं स्वतःच नाव घातलंय, इंग्रजीत, दोन 'ए' लावून. म्हटलं, असं का? म्हणाली, "मीच बदलले तर जमेल की." अकरा वर्षांची आहे. मी खोडरबर आणला आणि एक 'ए' पुसला. लिहिणाऱ्याला दोनदा कळ दाबायचा हक्क आहे, पण माझ्या पोरीनं त्याच्या चुकीप्रमाणं आपलं नाव लिहायचं नाही. ते होऊ देणार नाही.

सोमवारी चौथा खाडा. नव्या नमुन्यातला दाखला खिशात आहे, शिक्का ठळक उठलाय. केंद्रावर टोकनला सकाळी सहापासून रांग लागते, म्हणून पाचला निघणार आहे. कुणाच्या पोराचं जुळत नसेल तर या. गाडीवर मागं जागा आहे.