मनी घरातच होती, तरीही

‘घराबाहेर न जाणाऱ्या मांजरीला लस नाही दिली तरी चालतं’ हे लेखातलं वाक्य कृपया काढा. आम्हीही तेच धरून बसलो होतो. तिसरा मजला, खिडक्यांना जाळ्या, आमची मनी कधी जिनासुद्धा उतरली नाही. तरी चौथ्या महिन्यात पॅनल्यूकोपेनिया (विषाणूमुळे होणारा मांजरांचा जीवघेणा आजार) झालाच. उलट्या, जुलाब, तीन दिवस सलाइन. वाचली, हे नशीब.

हा विषाणू आपल्या चपलांवरूनही घरात येतो आणि वर्षभर तग धरू शकतो. साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. (फिनाइल मांजरांना विषारी, ते वेगळंच.) पिल्लाला 6 ते 8 आठवड्यांत पहिला डोस, मग 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी पुढचे, एवढं तरी लिहायला हवं होतं.