चार जागा आणि तीस टक्के मतं : बोट्स्वानावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बोट्स्वानातल्या सत्तांतरावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उरकावं असं ते उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी बोट्स्वानात संसदेची निवडणूक झाली. १९६६ साली देश स्वतंत्र झाला तेव्हापासून सलग ५८ वर्षं सत्तेत असलेल्या बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टीला, म्हणजे बीडीपीला, ६१ पैकी फक्त ४ जागा मिळाल्या. अम्ब्रेला फॉर डेमोक्रॅटिक चेंज या आघाडीला, यूडीसीला, ३६ जागा मिळाल्या आणि तिचे नेते डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. मी लिहिलं होतं, 'जनतेने सत्ताधाऱ्यांना हद्दपार केलं.'

त्यावर तुमचं म्हणणं असं : हद्दपार कसलं, तीस टक्के मतं मिळाली की त्यांना. लोकशाहीचं कौतुक कशाला, हिऱ्याचे भाव पडले म्हणून सरकार पडलं. पंचवीस लाखांच्या देशाचं एवढं काय घेऊन बसलात. आणि वर्षभरात दवाखान्यांतली औषधं संपली, मग बदललं काय? बीकेसीत हिऱ्यांच्या व्यवसायात तुमची पंधरा वर्षं गेली आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. त्यामुळे दुसरा मुद्दा तुम्ही माहितीवर आधारून मांडलाय, हे मी धरून चालतो.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. 'हद्दपार' हा शब्द चुकलाच. बीडीपीला सुमारे ३० टक्के मतं पडली. यूडीसीला ३७ टक्क्यांच्या आसपास, बोट्स्वाना काँग्रेस पार्टीला २१. मतांत दुसऱ्या क्रमांकावर असलेला पक्ष जागांत चौथा आला. २१ टक्केवाल्यांना १५ जागा आणि ३० टक्केवाल्यांना ४! मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर बीडीपीच्या वाट्याला अठराएक आल्या असत्या आणि यूडीसीला एकट्याच्या बळावर सरकार बनवता आलं नसतं. ज्या दर दहा मतदारांपैकी तिघांनी बीडीपीला मत दिलं, त्यांना मी एका शब्दात पुसून टाकलं. तुम्ही ते लक्षात आणून दिलंत, बरं झालं.

हे घडलं कसं, ते मात्र नीट पाहायला हवं, कारण तिथे तुम्ही थांबलात. बोट्स्वानाची पद्धत आपल्यासारखीच आहे : मतदारसंघात ज्याची मतं जास्त तो निवडून येतो, मग ती पस्तीस टक्के का असेनात. राष्ट्राध्यक्षाला लोक थेट मत देत नाहीत. संसदेचा उमेदवार अर्ज भरतानाच आपला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण ते जाहीर करतो आणि निम्म्यापेक्षा जास्त जागा ज्याच्या बाजूने येतात तो राष्ट्राध्यक्ष होतो. अशा पद्धतीत देशभर सारखी पसरलेली मतं फुकट जातात आणि एका भागात एकवटलेली मतं जागा देतात. काँग्रेस पार्टीची ताकद उत्तरेकडे एकवटलेली आहे. बीडीपी जवळजवळ सगळीकडे होती आणि जवळजवळ सगळीकडे थोडक्यासाठी मागे राहिली.

आता दहा वर्षं मागे जाऊ. २०१४ च्या निवडणुकीत बीडीपीला साडेसेहेचाळीस टक्के मतं होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मतदारांनी त्यांना तेव्हाच नाकारलं होतं. जागा किती मिळाल्या? ५७ पैकी ३७. त्या वर्षी काँग्रेस पार्टीला वीस टक्के मतांवर अवघ्या ३ जागा मिळाल्या. विरोधकांची मतं यूडीसी आणि काँग्रेस पार्टीत फुटली आणि बीडीपीला प्रमाणापेक्षा दहाएक जागा जास्त मिळाल्या. तेव्हा ही पद्धत अन्यायाची आहे असं सत्ताधाऱ्यांपैकी कुणाला वाटलं नाही. बदलायची संधी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती घेतली नाही, आणि २०२४ मध्ये तोच हिशेब त्यांच्यावर उलटला.

उलटायचं कारणही घरातलंच. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा, त्यांचे चिरंजीव इयान खामा. हे स्वतः २००८ ते २०१८ बीडीपीचेच राष्ट्राध्यक्ष होते. आपल्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेल्या, २०२४ पर्यंत त्या पदावर असलेल्या मसिसींशी त्यांचं इतकं बिनसलं की २०१९ मध्ये त्यांनी वडिलांनी स्थापलेला पक्ष सोडला आणि नव्या बोट्स्वाना पॅट्रिऑटिक फ्रंटच्या पाठीशी उभे राहिले. पुढे जवळजवळ तीन वर्षं दक्षिण आफ्रिकेत काढून ते मतदानाच्या तोंडावर, सप्टेंबर २०२४ मध्ये परतले. सेरोवे हे खामा घराण्याचं गाव, तो परिसर म्हणजे बीडीपीचं मूळ घर. फ्रंटला मिळालेल्या पाच जागांचा पाया तिथेच आहे. पूर्वी विरोधकांची मतं फुटायची, या वेळी बीडीपीची फुटली.

शेजारी पाहा. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला, एएनसीला, ४० टक्के मतं मिळाली आणि ४०० पैकी १५९ जागा. मत तेवढी जागा. लेसोथोत १९९८ साली एका पक्षाला साठएक टक्के मतांवर ८० पैकी ७९ जागा गेल्या, राजधानी पेटली, शेजारच्या देशांचं सैन्य आत आलं. मग त्यांनी मतदारसंघांच्या जोडीला प्रमाणानुसार वाटायच्या जागा आणल्या आणि २००२ पासून निवडणुका तशा होतात. बोट्स्वानानेही हे करावं असं मला मनापासून वाटतं. आज बोकोंच्या हातात ते आहे, आणि आज त्यांनाही त्याची निकड वाटणार नाही. हीच भीती आहे.

आता हिऱ्यांकडे येतो. लॅबग्रोनने, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी, भाव पाडले, अमेरिका आणि चीनमधली मागणी बसली, रफ, म्हणजे पैलू न पाडलेला माल, पडून राहिली, हे सगळं खरं. तुम्ही ते जवळून पाहिलंय. ज्या देशाच्या निर्यातीत साधारण ऐंशी टक्के वाटा हिऱ्यांचा, त्याला हे झोंबणारच. सुरतेच्या कारखान्यांत वाढवलेला हिरा बोट्स्वानातल्या ज्वानेंगच्या खाणीतल्या कामगाराची पाळी कमी करतो, हा धागा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता.

पण मग २००९ चं काय करायचं? अमेरिकेतल्या मंदीने त्या वर्षी हिऱ्याचा बाजार आजच्याहून अचानक कोसळला होता. डेबस्वाना, म्हणजे सरकार आणि डी बीअर्स ही बडी हिरे कंपनी यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी, तिने खाणीच काही आठवडे बंद ठेवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. बीडीपीला ५३ टक्के मतं आणि ५७ पैकी ४५ जागा! खाणी बंद, तरी सरकार पूर्वीपेक्षा मजबूत. उलट २०१४ मध्ये बाजार सावरलेला होता आणि पक्ष पन्नास टक्क्यांखाली गेला. भाव पडले की सरकार पडतं, या नियमात ही दोन्ही वर्षं बसत नाहीत.

मधल्या काळात काय झालं ते सांगतो. २०११ मध्ये सरकारी नोकरांचा दोन महिने चाललेला संप झाला. पगारवाढीची मागणी होती आणि सरकारने डॉक्टर-परिचारिकांसह हजारोंना कामावरून काढलं. ज्या देशात सरकारी नोकरी हाच मध्यमवर्गाचा कणा, तिथे ही जखम घराघरात पोचली. दुसऱ्याच वर्षी यूडीसीची आघाडी उभी राहिली. त्यात शिकलेली पण रिकामी बसलेली मुलं. २०२४ पर्यंत बेरोजगारी २७-२८ टक्क्यांवर होती. बोकोंनी महिन्याला किमान ४,००० पुला (तिथलं चलन) वेतनाचं आश्वासन दिलं ते याच लोकांना. मंदीने शेवटचा धक्का दिला असेल. भिंत आधीच ओलीने पोखरली होती.

हिऱ्यांबद्दल अजून एक, कारण ती गोष्ट मला फार मोठी वाटते. बोट्स्वानातल्या ओरापाचे हिरे सापडले १९६७ साली, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी. तो प्रदेश सेरेत्से खामांच्याच बामांग्वाटो लोकांचा. खनिजांवरचा हक्क जमातीकडे ठेवता आला असता. खामांनी स्वतःच्या लोकांना समजावून तो राष्ट्राच्या नावे करून घेतला. पुढचे रस्ते, शाळा, दवाखाने त्या एका निर्णयावर उभे राहिले. बीडीपीला लोकांनी इतकी वर्षं निवडून दिलं त्यामागे ही पुण्याई होती. मी त्या पक्षाचा द्वेष्टा नाही, हे तुम्हाला यातून कळावं.

देश लहान, हा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. लोकसंख्या आपल्या सांगली जिल्ह्याहून कमी, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लहान देशात माणसाला खुर्ची सोडणं सोपं जातं, असा अनुभव जगाला नाही.

आणि मी मूळ लेख लिहिला तो या खुर्ची सोडण्यासाठीच. बोट्स्वानाच्या निवडणुका एकंदरीत स्वच्छ मानल्या जात होत्या. पण सत्ताधारी कधी हरलेच नव्हते, त्यामुळे हरल्यावर ते काय करतील हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९९८ पासूनची प्रथा अशी की राष्ट्राध्यक्षाने दहा वर्षांनी पायउतार व्हायचं आणि त्याच्या जागी आपोआप उपराष्ट्राध्यक्ष यायचा. मोगाए गेले, खामा आले. खामा गेले, मसिसी आले. घरातल्या घरात किल्ल्या फिरत होत्या. २०१९ मध्ये हरल्यावर यूडीसीने निकालाला न्यायालयात आव्हान दिलं होतं आणि ते फेटाळलं गेलं. बोको तर त्या वेळी स्वतःच्या मतदारसंघातही पडले होते. त्यामुळे २०२४ ला संशय भरपूर होता.

बुधवारी मतदान झालं. शुक्रवारी, पूर्ण निकाल जाहीर व्हायच्याही आधी, मसिसींनी बोकोंना फोन करून पराभव मान्य केला, पत्रकारांसमोर येऊन आम्ही लोकांच्या नजरेत चुकलो असं सांगितलं आणि सत्ता सुरळीत सोपवायला मदत करतो म्हणाले. त्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, बोकोंनी शपथ घेतली. ना फेरमोजणीचा घोळ, ना इंटरनेट बंद, ना रस्त्यावर रणगाडे. त्याआधी तीनच आठवडे मोझांबिकमध्ये मतदान झालं होतं. तिथल्या वादग्रस्त निकालानंतरच्या आंदोलनांत शेकडो माणसं मेली. ज्या मोजणीपद्धतीने मसिसींचा पक्ष ३० टक्क्यांवरून ४ जागांवर आणला, तिच्याविरुद्ध ओरडायला त्यांच्याकडे तुम्ही दिलेलाच मुद्दा होता. त्यांनी तो वापरला नाही. म्हणून तुमची तीस टक्क्यांची दुरुस्ती वाचल्यावर त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

मग वर्षभरात बदललं काय? औषधांचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बोकोंना सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली, तातडीचे २५ कोटी पुला काढावे लागले आणि औषधवाटप सैन्याच्या देखरेखीखाली द्यावं लागलं. रिकामी तिजोरी वारशात मिळाली हे निम्मं उत्तर झालं. उरलेल्या निम्म्याचा जाब बोकोंनाच द्यावा लागेल आणि तिथले लोक तो मागताहेत.

पण एक गोष्ट सांगतो, जी जगाच्या बातम्यांत फार गाजली नाही. मध्य कालाहारीच्या राखीव क्षेत्रातला सान या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा एक वृद्ध माणूस २०२१ च्या डिसेंबरात वारला. पूर्वजांच्या भूमीत दफन व्हावं एवढीच इच्छा. जुन्या सरकारने परवानगी नाकारली, कुटुंब कोर्टात हरलं आणि मृतदेह जवळजवळ तीन वर्षं शवागारात पडून राहिला. मुलाने वडिलांना दुसरीकडे पुरायला नकार दिला. सरकार बदललं आणि महिना-दीड महिन्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, त्या माणसाला त्याच्या मातीत विसावा मिळाला. याने दवाखान्यात गोळी येत नाही. पण त्या घरासाठी सरकार बदललं म्हणजे काय झालं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मूळ लेखातलं वाक्य मी आज बदललं आहे. 'हद्दपार केलं' काढून 'सुमारे ३० टक्के मतं मिळूनही पक्ष ४ जागांवर आला' असं केलं, आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली.

तुमच्याकडून एक हवंय. २०१३ पासून डी बीअर्सची विक्री लंडनहून बोट्स्वानाच्या राजधानीला, गॅबोरोनला आली आणि मुंबई-सुरतचे साइटहोल्डर, म्हणजे डी बीअर्सचे ठरलेले खरेदीदार, तिथे जायला लागले. तुमच्या ओळखीचं कुणी २०२४ च्या त्या आठवड्यात तिथे होतं का? असेल तर त्यांनी काय पाहिलं ते विचारून लिहा. लेखाखाली नको, सविस्तर पाठवा. तुमच्या नावाने स्वतंत्र छापतो.