जन्मभराची उसनवारी

मी मूळचा सी प्लस प्लसवाला. तिथे पॉइंटर कुणीही कुणालाही द्यावा, मूळ वस्तू कधीच मोडीत निघाली तरी तिचा पत्ता उराशी धरून बसावं आणि प्रोग्राम कोसळला की नशिबाला बोल लावावा, असा मोकळाढाकळा कारभार. मग रस्ट ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. तिच्या कंपायलरात (कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) बॉरो चेकर नावाचा, कुणी कुणाची वस्तू उसनी घेतली ते बघणारा खडूस हिशेबनीस बसतो. नुसतं बघायला हवे तितके या, पण बदल करायला एका वेळी एकच. आणि तो आत असेपर्यंत बघेसुद्धा बाहेर! ऐकताना वाटलं, यात काय अवघड आहे?

एक छोटा पार्सर, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारा प्रोग्राम, लिहीत होतो. मजकुराचा रेफरन्स (उसना घेतलेला पत्ता) पोटात धरणारा स्ट्रक्ट (माहितीचा गठ्ठा), आणि पुढचा शब्द काढून देणारं नेक्स्ट नावाचं फंक्शन. स्ट्रक्टमध्ये रेफरन्स ठेवायचा तर लाइफटाइम, म्हणजे उसनवारी किती काळ टिकेल त्याचं नाव, लिहावाच लागतो, म्हणून टिक-ए ('a) दिला. हाताशी होताच, तर नेक्स्टच्या अँड म्यूट सेल्फलाही (म्हणजे बदल करायला उसन्या घेतलेल्या खुद्द पार्सरलाही) चिकटवला. नीटनेटकेपणा म्हणून.

नेक्स्ट एकदा चाललं. लूपमध्ये टाकलं आणि ई०४९९ क्रमांकाची चूक! म्हणे एकाच वेळी दोन म्यूटेबल (बदल करू देणाऱ्या) उसनवाऱ्या. दुसरा कोण? लाल रेघ एकाच ओळीखाली: मागच्या फेरीत इथेच उसनं घेतलं होतं. म्हणजे आरोपीही तीच ओळ, फिर्यादीही तीच.

उसनवारी लवकर संपावी म्हणून महिरपी कंस वाढवले. मिळालेल्या शब्दावर क्लोन मारला, म्हणजे त्याची प्रत काढली (रस्टमधला बाम; कुठेही दुखो, चोळायचा). चेकर ढिम्म. २०१८ च्या एडिशनपासून तो मवाळ झालाय, रेफरन्स शेवटचा वापरून झाला की उसनवारी मिटली असं धरतो, हे मी त्याला मोठ्याने वाचूनही दाखवलं.

दोन तासांनी डोक्यात प्रकाश पडला. स्ट्रक्टवरचा टिक-ए म्हणजे आतल्या मजकुराचं आयुष्य. पार्सर जगेल तोवर ते पुरायलाच हवं. तोच सेल्फवर लिहून मी पहिल्याच कॉलला अख्खा पार्सर तहहयात उसना देऊन टाकला होता. शब्दाच्या हजार प्रती काढल्या तरी तो सुटतो कसला! करारनामा माझा, सही माझी, आणि शिव्या खात होता तो हिशेबनीस.

सेल्फवरचा टिक-ए खोडला. परत येणाऱ्या शब्दावरचा राहू दिला, कारण तो शब्द मूळ मजकुरातला, पार्सरच्या मालकीचा नव्हेच. लूप मुकाट फिरला.

दिवसभराची कमाई: एक अपॉस्ट्रॉफी आणि एक अक्षर वजा. कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) मी लिहिलं, ‘पार्सरची पुनर्रचना’.