रडली नाही, म्हणजे तिनेच केलं?

घरात अघटित घडलं, बातमी बाहेर गेली की लोक आधी आईचा चेहरा बघतात. डोळे कोरडे असले तर ‘कुठेतरी पाणी मुरतंय’. ओले असले तर ‘नाटकं बघा हिची’. तिने करायचं तरी काय?

ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनचं हेच झालं. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तंबूंच्या तळावर डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, तंबूत शिरला आणि तिची तान्ही अझारिया घेऊन गेला. लिंडी टीव्हीवर शांतपणे बोलली, तेवढं लोकांना पुरलं. त्यात नवरा वेगळ्या पंथाचा पाद्री. झालं, ‘बळी दिला’ म्हणायला लोक मोकळे.

मला चीड याची येते की त्या रात्री तिथे असलेल्यांनी तिच्याच बाजूने साक्ष दिली. एका बाईने तर लिंडी तंबूबाहेर सगळ्यांसोबत असताना बाळाचं रडणं ऐकलं होतं. पहिल्या चौकशीतही डिंगोच निघाला, आईबाप निर्दोष ठरले. संशय वाढला तो शेकडो मैलांवर, ज्यांनी तो तंबू कधी पाहिलाही नव्हता त्यांच्यात.

पुन्हा चौकशी, मग लिंडीवर बाळाच्या खुनाचा खटला आणि १९८२ मध्ये जन्मठेप. तेव्हा ती गरोदर होती. मुलगी झाली आणि लगेच तिच्यापासून नेली. गाडीच्या डॅशबोर्डखाली बाळाच्या रक्ताचा फवारा सापडला, असं कोर्टात सांगितलं होतं. ते नंतर काय निघालं? गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यातच मारलेला लेप! (तज्ज्ञ म्हटलं की आपण मान डोलावतो, ती अशी.)

बाळाच्या अंगात जाकीट होतं, असं ती पहिल्यापासून सांगत होती. कोणी ऐकलं नाही. १९८६ मध्ये कड्यावरून पडलेल्या एका माणसाचा शोध घेताना ते डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं, तेव्हा कुठे ती सुटली. शिक्षा रद्द झाली १९८८ मध्ये. मृत्यूच्या दाखल्यावर ‘डिंगो’ यायला मात्र २०१२ उजाडलं. लिंडी तेव्हा ६४ वर्षांची होती.

‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हेच प्रकरण सांगते. इथे धूर सोडणारेच हजारोंनी होते.

तिला आलेली वीस हजारांहून जास्त पत्रं तिने जपून ठेवली, आज ती तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यात शिव्याशाप आहेत, धीर देणारी आहेत आणि ‘आम्ही चुकलो’ म्हणणारीही आहेत. निदान त्यांनी सही करून माफी मागितली. आपल्याकडच्या कमेंटवाल्यांनी पोस्ट डिलीट करण्यापलीकडे कधी काही केलंय का?