सूर नेमका कुठे उतरतो?

बेळगावात बी.एस्सी.च्या मुलांना वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यावर यंदा मला एक दुर्बुद्धी सुचली. इंटर्नलच्या १० गुणांसाठी गणिते न देता, अभ्यासातली एखादी संकल्पना घरच्या माणसाला समजेल अशा भाषेत लिहावी, त्याला वाचून दाखवावी, त्याने विचारलेला एक प्रश्न खाली उतरवावा आणि त्याची सही आणावी, असे मी वर्गात जाहीर केले. वर्गात इंग्रजी, बसमध्ये कन्नड आणि घरी मराठी अशी रोज ये-जा करणाऱ्या मुलांना हे सहज जमेल, असा माझा भाबडा समज होता.

पहिल्याच वहीची सुरुवात होती, "प्रिय आजी, समजा एक आदर्श वायू आहे." खाली आजींची सही होती, इंग्रजीत, आणि नातवाच्याच अक्षरात. कुकरवर लिहिणाऱ्याने दाब आणि उत्कलनबिंदू यांवर चार पाने खर्च केली होती, आईचा प्रश्न एवढाच, "मग शिट्ट्या किती काढू?" आणखी एकाने घरच्या पातेल्यात पाणी बरोबर १०० अंशांना उकळताना 'पाहिले' होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या आमच्या गावात हवेचा दाब कमी असल्याने ते ९७.५ अंशांच्या आसपासच उकळते. मी लाल पेन उचलले, आणि प्रयोगशाळेच्या जर्नलांतले असे कित्येक १०० मीच सही करून मंजूर केल्याचे आठवल्यावर मुकाट्याने खाली ठेवले.

खानापूरकडून येणाऱ्या एका मुलीच्या वहीने मात्र माझी झोप उडवली. घर रुळांलगत असल्याने तिने डॉप्लर परिणाम निवडला होता आणि भजनात पेटी वाजवणाऱ्या आजोबांना सांगितले होते की, गाडी पुढे निघून गेली की भोंग्याचा आवाज उतरतो. "लांब गेल्यावर आवाज उतरणारच की गं, त्याला कॉलेज कशाला पायजे?" असे आजोबांनी विचारले. तिने वारंवारता, तरंगलांबी असे सगळे बाण सोडून पाहिले आणि शेवटी पेटी घेऊन दोघे ओट्यावर गाडीची वाट बघत बसले. गाडी गेल्यावर आजोबा म्हणाले, "आवाज नव्हं, सूर उतरतोय म्हण की! 'रे'वरनं 'सा'वर आली बघ."

मी गणित मांडले. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर आणि गाडीचा २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, धरला तर येतानाच्या आणि जातानाच्या वारंवारतांचे गुणोत्तर ३६० भागिले ३२०, अर्थात ९:८ येते. शुद्ध रे आणि सा यांच्यातले गुणोत्तरही नेमके तेच. १८४५ मध्ये हॉलंडात या परिणामाची परीक्षा घेताना गाडीत तुतारी वाजवणारे बसवले होते आणि रुळांलगत सुरांचे जाणकार उभे केले होते, हे मी दरवर्षी सांगतो. आमच्या तालुक्यात तसा जाणकार ओट्यावर बसलेला असेल, हे मात्र कधी डोक्यात आले नव्हते.

प्रश्नाच्या जागी आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, "सूर उतरतो तो भोंग्यात, वाऱ्यात, की माझ्या कानात?" उत्तर मला येते, म्हणून मी उत्साहाने लिहायला बसलो आणि "समजा एक बिंदुस्रोत आहे" हे पहिलेच वाक्य पाहून कागद फाडला. त्यानंतर आणखी चार फाडले. आता रोज तास संपला की ती मुलगी दाराशी थांबते आणि अदबीने विचारते, "सर, आजोबा विचारालेत, झालं काय उत्तर लिहून?"