बायोला गेली म्हणजे वाया गेली?

निकालांचे दिवस आले की आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून येतो: ‘मेडिकलची नीट परीक्षा हुकली म्हणून सरकारी विद्यापीठात बीएस्सी बायो करू नका. नुसती घोकंपट्टी, संशोधनाचं नाव नाही, शेवटी मास्तरकीच.’ यंदा काकांनी तो माझ्या भाचीला टॅग करून टाकला. म्हणून हे उत्तर, काका.

आधी घोकंपट्टी. बीएस्सीचं प्रॅक्टिकल बघा: कांद्याला मुळं फुटू द्यायची, टोकाचे दोन मिलिमीटर कापायचे, आम्लात मऊ करून रंगवायचे आणि कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचं. अंगठा जरा सरकला की पेशींचा चिखल! मी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर पुस्तकातलं देखणं मेटाफेज, म्हणजे विभागणाऱ्या पेशीत मधोमध रांगेत उभी गुणसूत्रं, दिसेचना. बहुतेक पेशी गोल केंद्रक घेऊन ढिम्म बसलेल्या. मॅडम म्हणाल्या, ‘मोज.’ चारशे मोजल्यावर डोक्यात प्रकाश पडला: ज्या अवस्थेत पेशी जास्त सापडतात, ती अवस्था जास्त वेळ चालते. मेलेल्या पेशी मोजून जिवंत पेशीचं वेळापत्रक काढायचं. हे कुठल्या गाइडमधून पाठ करणार?

संशोधनाचं म्हणाल, तर लांब कशाला जायचं? आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचा बायोकेमिस्ट्री विभाग ज्यांनी उभा केला, त्यांचा मुलगा वेंकी रामकृष्णन. त्यांनी इथूनच १९७१ मध्ये बीएस्सी केलं, पण फिजिक्समध्ये. अमेरिकेत पीएचडीही फिजिक्सचीच. आणि मग सॅन डिएगोला पुन्हा विद्यार्थी होऊन बायोलॉजी शिकायला बसले. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. गणित जमत नाही म्हणून बायो, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवास जरूर बघावा. नोबेल सगळ्यांना मिळत नाही, हे मलाही कळतं.

एक मात्र खरं. मोठ्या विद्यापीठात कुणी बोट धरून नेत नाही. प्रोजेक्ट हवा तर सरांच्या केबिनबाहेर आपणच ताटकळायचं.

राहिली मास्तरकी. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. चुरस भयंकर आहे, पण वाट आहे. आणि काका, आजोबा मास्तरच होते ना? आपल्या वाड्याचं गळकं छप्पर त्यांच्याच पेन्शनीतून बदललं होतं.