बेलिफकाका, तुमच्या प्रतिक्रियेबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही नावाऐवजी 'सिंधुदुर्गातला एक निवृत्त बेलिफ' एवढंच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. कोर्टकचेरीवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या जॉन ग्रिशम या अमेरिकन लेखकावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सगळी पुस्तकं एकाच साच्याची, नवखा वकील, बलाढ्य कंपनी आणि शेवटी विजय ठरलेला. खरं कोर्ट म्हणजे नुसत्या तारखा. शिवाय ज्युरी, म्हणजे खटल्याचा कौल देणारी सामान्य माणसं, आपल्याकडे नाहीच, मग हे कौतुक कशाला?

साचा आहे, मान्य. त्याच्या पुस्तकांतल्या बायका बहुतेक वेळा नीट उभ्या राहत नाहीत, हेही मान्य. काही पुस्तकांचे शेवट घाईत गुंडाळलेले वाटतात. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

पण 'विजय ठरलेला' हे नाही पटत. १९९५ चं 'द रेनमेकर' घ्या. रक्ताचा कर्करोग झालेला गरीब घरातला मुलगा, अस्थिमज्जा द्यायला तयार असलेला जुळा भाऊ, आणि खर्च नाकारणारी विमा कंपनी. दर आठवड्याला हप्ता भरणाऱ्या त्या आईला कंपनी पुन्हा पुन्हा नकाराची पत्रं पाठवते. आठव्या पत्रात तर तिला चक्क मूर्ख म्हटलेलं आहे. मुलगा खटला उभा राहण्याआधीच जातो. ज्युरी पाच कोटी डॉलरचा दंड ठोठावते, कंपनी दिवाळं काढते आणि हातात काहीच पडत नाही. तो तरुण वकील वकिलीच सोडून देतो. काका, याला विजय म्हणायचं का?

आणि हा खटला फिरतो तो भाषणांवर नाही, कागदांवर. दावे कसे नाकारायचे याची कंपनीची अंतर्गत पुस्तिका, तिचा दडवलेला एक भाग, तो कोर्टात बाहेर येतो. मला ग्रिशम इथे भिडला. आमच्या घरात सामायिक कलमबागेचा वाटपाचा दावा होता. आजोबांचे कागद एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत असायचे: सातबारा, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, वकिलांची पत्रं. कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिन्यांत कागदांच्या घड्या चिकटायच्या, कडांना काळी बुरशी धरायची. दसरा झाला की आजी ते अंगणात चटईवर उन्हात पसरायची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक चिरमुटलेला नारळ ठेवायची आणि संध्याकाळी मोजून आत घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. पण एक कागद कमी भरला तर झोपायची नाही. विमा कंपनीची पत्रं जपून ठेवणारी ती आई वाचताना मला आजी दिसली.

ज्युरीचं म्हणाल तर ती आपल्याकडेही होती. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे शिक्षा झाली. आपल्याकडे ज्युरी गेली ते बरंच झालं, असं माझं मत आहे. पण तिकडे अमेरिकेत ज्युरीतल्या बारा अनोळखी माणसांना आपली बाजू समजावून सांगायची असली की कायदा साध्या भाषेत सांगावा लागतो. ग्रिशमचं लिखाण सोपं आहे ते यामुळे, असं मला वाटतं.

त्याला कोर्ट माहीत नाही असं तुम्ही सुचवलंत. त्याने मिसिसिपीत जवळपास दहा वर्षं वकिली केली. अत्याचार झालेल्या एका लहान मुलीची साक्ष कोर्टात ऐकली आणि त्यातून 'अ टाइम टू किल' सुचलं. पहाटे पाचला उठून, कामाला जाण्याआधी लिहीत त्याला तीन वर्षं लागली. १९८९ मध्ये पाच हजार प्रती निघाल्या, त्यातल्या हजार त्यानेच विकत घेतल्या. पुढे जगभर नाव झाल्यावर, १९९६ मध्ये, जुना शब्द पाळायला तो पुन्हा कोर्टात उभा राहिला. रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये चिरडून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला त्याने ६,८३,५०० डॉलर मिळवून दिले.

तारखांबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. वाट बघण्यात सरणारी वर्षं त्याच्या कादंबऱ्यांत नीट येत नाहीत. ती 'द इनोसंट मॅन'मध्ये आहेत. तिथे कादंबरी नाही, घडलेलं आहे. ओक्लाहोमातला रॉन विल्यमसन, न केलेल्या खुनासाठी फाशीची शिक्षा, फाशीला पाच दिवस उरलेले असताना मिळालेली स्थगिती, १९९९ मध्ये डीएनए तपासणीमुळे सुटका. पाच वर्षांनी तो वारला. तुम्ही एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा.

आमच्या दाव्याचं पहिलं समन्स घेऊन बेलिफ आले तेव्हा मी सात वर्षांची होते. भर पावसात छत्री पडवीत टेकवून त्यांनी आजोबांची सही घेतली, आजीने दिलेला चहा प्यायला आणि निघताना म्हणाले, "माझं काम आहे हो, राग धरू नका." तुम्ही किती दारांत असे उभे राहिलात, लोक काय बोलायचे, ते लिहाल का? मी ते जसंच्या तसं इथे छापेन.